सातशे एकरांवर छप्पर नसतं

गेल्या आठवड्यात पुण्याहून भाच्याने एक मेसेज पाठवला. खाली त्याचा प्रश्न: "मामा, तुमच्या बडोद्याचं आहे. खरं ना?" तोच मेसेज त्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर आणि दांडिया बाजारातल्या मित्रांच्या ग्रुपवर येऊन गेला होता. मजकूर थोडक्यात असा: लक्ष्मी विलास पॅलेस ३,०४,९२,००० चौरस फुटांचा, म्हणजे बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट, बडोद्याजवळचा सरदारांचा पुतळा ही भारतातली सर्वांत उंच वास्तू, इमारतींत पहिला नंबर मुंबईच्या अँटिलियाचा, आणि एवढं असूनही बुर्ज खलिफासारखं काही उभारणं आपल्या इंजिनिअरांना जमत नाही.

चार विधानं आणि चारही चुकीची. मी पॉलिटेक्निकमध्ये वर्षानुवर्षं सर्व्हेइंग शिकवलं आहे. माझ्या गावाचा अभिमान कुणी चुकीच्या मापावर उभा केला की मला गप्प बसवत नाही. भाच्याला जे लिहिलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी राजवाडा. तीन कोटी चार लाख ब्याण्णव हजार हा आकडा इतका नेमका आहे की वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी टेप धरून मोजलं असणार. आता एक गुणाकार करा. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला ७०० ने गुणा. उत्तर येतं ३,०४,९२,०००. एका फुटाचाही फरक नाही. राजवाड्याचं आवार ७०० एकरांचं म्हणून सांगितलं जातं. कुणीतरी त्या एकरांचे चौरस फूट केले आणि तो आकडा राजवाड्याच्या नावावर चढवला. त्या आवारात मोतीबाग क्रिकेट मैदान आहे, मोतीबाग पॅलेस आहे, फत्तेसिंह संग्रहालय आहे, नवलखी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे, झाडी आणि रस्ते आहेत. त्या सगळ्यावर छप्पर नाही.

बकिंगहॅमचा जो आकडा शेजारी ठेवतात तो साधारण ८ लाख २८ हजार चौरस फुटांचा, आणि तो आहे मजल्यांचा, बांधकामाच्या आतला. म्हणजे एका बाजूला सात-बारावरची जमीन आणि दुसऱ्या बाजूला घराचा बिल्ट-अप एरिया. अशी तुलना आपण फ्लॅट घेताना बिल्डरला तरी करू देऊ का? शिवाय हे दोन्ही आकडे खरे धरून भागाकार केला तर उत्तर जवळजवळ ३७ येतं. मग "चौपट" आलं कुठून? एकाच वाक्यातले दोन दावे एकमेकांना खोटं पाडतात, आणि तरी हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतं आहे. मला खरंच वाईट याचं वाटतं की त्या वाड्यात बघण्यासारखं जे आहे, ते या आकड्याखाली दडून जातं. मेजर चार्ल्स मँटने आराखडा केला, तो १८८१ मध्ये वारला, मग रॉबर्ट चिझमने काम पुढे नेलं आणि १८९० मध्ये वाडा पुरा झाला. दरबार हॉलच्या व्हेनिशियन मोझेकच्या जमिनीकडे कधी वाकून बघा. नखाएवढे तुकडे एकमेकांना लागून बसवलेत, आणि खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन आलं की त्यांचा रंग पालटतो. हे दाखवायला बकिंगहॅमची गरज नाही.

आता पुतळा. डभोईवरून केवडियाला आम्ही जाऊन आलो. साधू बेटासमोर मान वर करून उभं राहिलं की मोठा माणूससुद्धा लहान मुलासारखा बघत राहतो. १८२ मीटर, जगातला सर्वांत उंच पुतळा, यात वाद नाही. घडवला तो आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतारांनी. मला त्याचं मोल वाटतं ते घोट्यापाशी. चालत्या माणसाची आकृती, दोन पावलांत अंतर, म्हणजे सगळा भार आणि सगळा वारा सर्वांत बारीक जागी येतो. आत काँक्रीटचे दोन गाभे आहेत आणि हेलकावा शोषून घ्यायला प्रत्येकी २५० टनांचे दोन डॅम्पर. पण "भारतातली सर्वांत उंच वास्तू"? चौथऱ्यासकट धरला तरी तो २४० मीटर भरतो. दूरदर्शनचा रामेश्वरमचा मनोरा ३२३ मीटरचा आहे. आणि तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ नौदलाच्या आयएनएस कट्टबोम्मन तळावर पाणबुड्यांना संदेश पाठवणारे मास्ट आहेत ४७१ मीटरचे. तिथे पर्यटक जात नाहीत, सेल्फी निघत नाहीत, म्हणून ते कुणाच्या मेसेजमध्ये येत नाहीत. ते तारांनी ताणून धरलेले असतात, स्वतःच्या पायावर उभे नसतात, म्हणून कुणी वेगळे मोजत असेल तर मोजावेत. पण मग यादीवर तसं लिहावं.

अँटिलियाचं लगेच उरकतं. १७३ मीटर. वरळीचं पॅले रॉयाल ३२० मीटरचं आहे, महालक्ष्मीचं मिनर्व्हा ३०१ मीटरचं. अँटिलियाचे मजले २७, आणि साधा मजला तीन मीटरचा धरला तर २७ मजल्यांचे ८१ मीटर होतात. त्यामुळे मजले मोजून उंची सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

उरला शेवटचा मुद्दा, आणि मला सर्वांत जास्त लागला तो हाच. "आपल्या इंजिनिअरांना जमत नाही." लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर वर्ल्ड वन बांधायचं ठरलं ते ४४२ मीटरचं. उभं राहिलं २८० मीटरचं, कारण विमानांच्या मार्गाच्या हिशेबात त्याहून वरची परवानगी मिळाली नाही. बडोद्यात हरणीचा विमानतळ वस्तीला चिकटून आहे, इथेही उंच बांधायचं तर आधी तीच परवानगी लागते. गगनचुंबी इमारतीला जागा, पैसा, पाणी, लिफ्ट, आग लागली तर माणसं खाली आणायची सोय, हे सगळं लागतं. यातलं काहीही नडू शकतं. ज्ञान नडलेलं नाही. काश्मीरचा चिनाब पूल नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच आहे, जून २०२५ पासून त्यावरून गाड्या धावतात. आणि शिकागोचा ४४२ मीटरचा सिअर्स टॉवर, जो जवळजवळ पाव शतक जगातला सर्वांत उंच होता, त्याचा सांगाडा आखला तो १९२९ मध्ये अखंड बंगालात जन्मलेल्या फजलूर खान यांनी.

बुर्ज खलिफाचे ८२८ मीटर खरेच आहेत. त्यातले वरचे २४४ मीटर मात्र असे आहेत की तिथे कुणी राहत नाही, बसत नाही. तो नुसता कळस आहे. उंच इमारतींची मोजदाद करणारी जागतिक संस्था म्हणूनच तीन मापं वेगळी ठेवते: वास्तूच्या टोकापर्यंत, वापरातल्या शेवटच्या मजल्यापर्यंत, आणि अँटेनासकट. माणसांच्या वापरात निम्मीसुद्धा उंची नसेल तर ती इमारत धरतच नाहीत, टॉवर धरतात.

हे सगळं भाच्याला लिहून झालं तेव्हा शेजारची सातवीतली मुलगी गणिताचं काहीतरी विचारायला आली होती. तिच्या कंपासातला कोनमापक घेतला, मधल्या भोकातून दोरा ओवला, टोकाला नट बांधला आणि दोघं खाली रस्त्यावर गेलो. कोनमापक उलटा धरून सरळ कडेवरून गच्चीच्या कठड्याकडे बघायचं, आणि दोरा ४५ वर येईपर्यंत मागे सरकत जायचं. ४५ अंशांवर भिंतीपासूनचं अंतर आणि डोळ्यावरची उंची सारखीच असते. टेप लावला, १५.१० मीटर. तिच्या डोळ्याची उंची १.३०. बेरीज १६.४०. तिने वहीत लिहिलं, मग पुन्हा वर बघितलं आणि म्हणाली, "काका, टाकी धरायची का?" टाकी रस्त्याकडच्या कडेलाच आहे. आम्ही अडीच मीटर आणखी मागे गेलो. वहीत आता दोन ओळी आहेत: कठड्यापर्यंत १६.४०, टाकीसकट १८.९०.