300 किलोची मिनी क्रेन 450 किलो उचलते, हा हिशेब चुकीचा आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बांधकामवाल्यांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: मिनी क्रेनवर (माल तारेने वर ओढणारं, मागच्या पायावर गोण्यांचं वजन ठेवून तोललेलं छोटं विजेचं यंत्र) 300 किलो लिहिलेलं असलं तरी 450 बिनधास्त उचला. कारण टेस्टिंग सव्वापट वजनावर होतं आणि तार पाचपट ताकदीची असते. उलटेल असं वाटलं तर मागच्या पायावर दोन गोण्या जास्त टाका. तार तुटायच्या आधी आवाज करते. खुणेसाठी वेगळा माणूस नको, वरून हाक आली की बटण दाबा.

यातले सव्वापट आणि पाचपट हे दोन आकडे खरे आहेत. लोक फसतात ते म्हणूनच.

सव्वापटीचं आधी बघू. 300 ची सव्वापट 375 होते. म्हणजे 450 हे टेस्टिंगच्या वजनालाही ओलांडून गेलं. टेस्टिंग करताना खाली माणूस नसतो, वजन सावकाश उचलतात आणि नंतर हूक, ब्रेक, वेल्डिंग तपासतात. ती यंत्राची परीक्षा असते, रोजच्या कामाची परवानगी नव्हे.

आता पाचपट. ही ताकद कोऱ्या, सरळ, संथपणे ताणलेल्या तारेची. यू-बोल्ट क्लॅम्प लावून टोक बांधलं की साधारण 80 टक्केच उरते, म्हणजे पाचाचे चार झाले. ढिली तार झटक्यात ताणली गेली की ताण निदान दुप्पट होतो. राहिले दोन. त्यात वजन दीडपट केलं तर उरतात 1.33, आणि हे तार नवी असताना. खानापूर-जांबोटीच्या पावसात चार महिने उघड्यावर राहिलेल्या तारेचा गंज यात धरलेलाच नाही. क्लॅम्पही बहुतेक ठिकाणी उलटे दिसतात. खोगीर, म्हणजे क्लॅम्पचा खाचेचा जाड भाग, वजन घेणाऱ्या तारेवर बसलं पाहिजे आणि यू, म्हणजे वाकवलेला बोल्ट, तारेच्या दुमडलेल्या आखूड टोकावर. उलटं लावलं तर यू वजनाची तारच चेंगरतो. 8 मिमी तारेला किमान 3 क्लॅम्प, मध्ये साधारण 5 सेंमी अंतर, आणि पहिलं वजन उचलून झालं की नट पुन्हा आवळायचे.

शिवाय तार टिकली म्हणून क्रेन टिकत नाही. ब्रेक 300 किलोसाठीच बनवलेला असतो. जास्त वजनाला तो घसरतो, तापतो आणि तापला की आणखी घसरतो. रोज सकाळी वजन जमिनीपासून वीतभर उचलून थांबवा. हळूहळू खाली येत असेल तर त्या दिवशी क्रेन बंद. व्होल्टेजही बघा. 230 ऐवजी 180 व्होल्ट मिळाले तर मोटरचा जोर 61 टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. लांब, बारीक केबल ओढलेली असली तर हे हमखास होतं. वजन अर्ध्यावर अडकतं आणि मोटर जळते.

दोन गोण्यांचा सल्ला आम्हाला सगळ्यांत घातक वाटतो. समजा, हूक पुढच्या पायापासून 1.2 मीटर बाहेर आणि वजनाच्या गोण्या त्याच पायापासून 1.5 मीटर मागे. 300 किलोला नुसता तोल साधायलाच 240 किलो लागतात. तिप्पट सुरक्षा धरली तर 720, म्हणजे 50 किलोच्या 15 गोण्या. 450 किलोला 1080, म्हणजे 22. दोन नव्हे, सात गोण्या जास्त लागतात. आणि त्या सिमेंटच्या असू नयेत, दुपारी माल संपला की त्यातलीच एक मिक्सरमध्ये जाते. वाळूची गोणी फाटली तर वाळू गळते. काँक्रीटचे ठोकळे ओतून ते फ्रेमला बांधून टाका.

तार आवाज करते म्हणे! बऱ्याचदा ती पुलीवरून वळते तिथे आतून तुटत जाते, वरून ग्रीसने चकचकीत दिसते. पेडाच्या एका पूर्ण फेऱ्यात 6 तारा तुटलेल्या, किंवा एकाच पेडात 3, किंवा 8 मिमीची जाडी 7.2 वर आलेली दिसली की तार बदलायची. उघड्या हाताने चाचपू नका, तुटलेली तार तळहात फाडते.

वजनाचा अंदाजही डोळ्यांनी करू नये. 16 मिमीची 12 मीटर सळई साधारण 19 किलो भरते, म्हणजे 15 सळ्यांतच 285 किलो झाले. पावसात भिजलेला चिरा कोरड्यापेक्षा जड असतो. एक तोलून बघा आणि मग नग ठरवा.

राहिली हाक. आपल्याकडे एकाच साइटवर मराठी, कन्नड, हिंदी बोलणारे असतात. एक जण ‘वर’ म्हणतो, दुसरा ‘मेले’, तिसरा ‘ऊपर’, आणि शेजारी मिक्सर चालू असतो. म्हणून खूण हाताची, करणारा एकच, आणि त्याला हूक व बटणवाला दोघंही दिसले पाहिजेत. फक्त ‘थांब’ची खूण कुणीही केली तरी बटण लगेच सोडायचं.