बॅटरी ८१ टक्के

आमच्या घरात दोन माणसं आणि दोन फोन आहेत. हिचा फोन रात्री चार्जिंगला लागतो, सकाळी निघतो, आणि दिवसभर त्याचं काय झालं याची चौकशी कोणी करत नाही. माझ्या फोनची मात्र रोज रात्री शोकसभा भरते. डोंबिवलीला उतरेपर्यंत तो लाल झालेला असतो. रिक्षाच्या रांगेत ७ टक्के, जिन्यात ३, आणि दाराशी येऊन "अगं, उघड" म्हणेपर्यंत मावळतो. फोन नवा, बॅटरी ५००० ची. खोक्यावर तसं छापलंय. खोकं मी टाकलेलं नाही. (आमच्याकडे खोकी टाकत नाहीत. माळ्यावर एका मिक्सरचं खोकं आहे. मिक्सर जाऊन पंधरा वर्षं झाली.)

पूर्वी माझ्याकडे नोकिया ११०० होता. २००३ साली निघालेला, डोक्यावर टॉर्च असलेला. त्याची बॅटरी ८५० ची, म्हणजे आत्ताच्या जेमतेम सहावा हिस्सा. तरी सोमवारी पोट भरलं की तो शुक्रवारपर्यंत काही मागायचा नाही. आणि हा सहा माणसांचं जेवण जेवून संध्याकाळी चक्कर येऊन पडतो.

"तुमचं ५ जी चालू असणार," हे निदान एका आठवड्यात मला चार जणांनी केलं, आणि चौघांनी चार औषधं दिली. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेल्या गृहस्थांनी 'ऑटो'वर ठेवा म्हणून सांगितलं. ऑफिसातल्या शिपायाने ३ जी सुचवलं. न्हाव्याने ४ जी सांगितलं, आणि गळ्याशी वस्तरा धरून सांगितल्यामुळे मला ते तिथल्या तिथे पटलं. साडू म्हणाले, "कशाला एवढं? सरळ २ जीवर टाका. मी कायम २ जीवरच असतो." साडूंना फोन कधीच लागत नाही, हे सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. आजवर आम्ही त्याचं कारण त्यांचा नवा फ्लॅट समजत होतो.

शेवटी भाच्याला बोलावलं. तो टॉवरशी संबंधित काहीतरी नोकरी करतो. नक्की काय, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही.

"मामा, फोन द्या इकडे." त्याने स्टार हॅश स्टार हॅश ४६३६ हॅश स्टार हॅश स्टार असं काहीतरी भटजी संकल्प सोडतात तशा वेगाने दाबलं आणि एक नवाच पडदा उघडला. फोनला असं तळघर असतं, हे मला माहीत नव्हतं. तिथे एक आकडा होता, उणे ७८.

"हे खिडकीत. आता स्वयंपाकघरात चला."

आम्ही तिघं मिरवणुकीने स्वयंपाकघरात गेलो. उणे १०८.

"अरे वा, तीसने वाढलं," मी म्हटलं.

"घटलं, मामा. उणे आहे ते. आणि हा हिशेब साधा नाही, दर दहाला दसपट. तीसचा फरक म्हणजे हजारपट. खिडकीत जेवढा सिग्नल पोचतोय, त्याचा हजारावा हिस्सा तुमच्या ओट्यापर्यंत येतोय."

"पण दांड्या तर तीन दिसतायत!"

"किती उण्याला किती दांड्या दाखवायच्या, ते ज्याचा त्याचा फोन ठरवतो. त्याला काही नियम नाही."

मला धक्काच बसला. इतकी वर्षं मी त्या दांड्यांकडे थर्मामीटरच्या पाऱ्याकडे बघावं तसा बघत आलो, आणि त्या निघाल्या लग्नाच्या आमंत्रणातल्या 'अगत्य येण्याचे करावे'सारख्या.

मग त्याने समजावून सांगितलं. फोन आणि टॉवर यांचं बोलणं सतत चालू असतं. टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो. लांब असला किंवा मध्ये भिंती असल्या की त्याला ओरडावं लागतं, आणि बॅटरी जाते ती या ओरडण्यात. ४ जीचा फोन साधारण ०.२ वॉटपर्यंत आवाज चढवतो. जुना २ जीवाला वेळ पडली तर २ वॉटपर्यंत गर्जायचा, पण आठातली एक घटका बोलून सात घटका गप्प बसायचा. (माझे वडील असेच होते.) आपल्याकडे ५ जी आलं १ ऑक्टोबर २०२२ ला. ज्यांच्या जोरावर ते धावतं त्या लहरी ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, त्यांना भिंतीचं वावडं. त्यामुळे आमच्या घरात ५ जी दिवाणखान्यापर्यंत येतं, पाणी पितं आणि निघून जातं. ते गेलं की फोन ४ जीकडे धावतो, पडदा हलला की परत ५ जीकडे.

"त्यात तुमच्या एका सिमचं ५ जी असं आहे, की ते ४ जीचा हात धरूनच चालतं. म्हणजे दोन्ही रेडिओ एका वेळी चालू."

"म्हणजे नांदायचं सासरी आणि रोजचा फोन माहेरी," मी म्हटलं. ही काही बोलली नाही. कुकरची शिट्टी मात्र जरा जोरात काढली.

"मग बंद करू ५ जी?"

"टॉवर जवळ असेल तर उलट ५ जी बरं. काम झटक्यात उरकून फोन झोपतो. रेंज काठावर असेल तर ४ जी."

"म्हणजे नक्की काय करू?"

"डिपेंड्स, मामा."

चार वर्षं इंजिनिअरिंग आणि वर सहा वर्षं नोकरी करून मुलं हा एक शब्द शिकतात. मी ठरवलं, आता आपणच प्रयोग करायचा. दुधाची जुनी वही काढली, रेघा आखल्या: वार, मोड, सकाळी ७, रात्री ९, शेरा.

सोमवार, ५ जी, रात्री १२ टक्के. मंगळवार, ४ जी, १९ टक्के. सात टक्क्यांची कमाई! बुधवारी मी चढलो. भाच्याचं शास्त्र आता आपल्याला कळलंय, तेव्हा टॉवर जवळ दिसला की ५ जी आणि भिंत आली की ४ जी, असं हाताने चालवायचं. सेटिंग्ज उघडा, कनेक्शन्स, मोबाईल नेटवर्क, सिम एक, नेटवर्क मोड. मग मागे येऊन तेच सिम दोनसाठी. ऑफिसात टेबलावर ५ जी, कॅन्टीनमध्ये ४ जी, गच्चीत ५ जी, लिफ्टमध्ये परत ४ जी. प्रत्येक बदलाला फोन क्षणभर सगळ्या टॉवरांशी नातं तोडून नव्याने ओळखी काढतो. दुपारी साहेबांनी विचारलं, "सगळं ठीक ना? सारखं फोनमध्ये काय बघताय?" घरी कोणी आजारी असावं, असा त्यांचा समज झाला. मी तो मोडला नाही. रात्री ९ ला ६ टक्के.

गुरुवारी मी साडूंचं औषध घेतलं. '२ जी ओन्ली.'

तो दिवस मी विसरणार नाही. सकाळपासून फोन शांत. सुप्रभातचे गुलाब नाहीत, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगची भांडणं नाहीत, कर्ज घेता का म्हणून कोणी विचारलं नाही. लोकलमध्ये मी खिडकीबाहेर बघितलं. कळवा आणि मुंब्रा यांच्यामध्ये खाडी आहे, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. रात्री डोंबिवलीला उतरलो तर बॅटरी ८१ टक्के! जिना मी दोन-दोन पायऱ्या करत चढलो. दार उघडताच फोन हिच्यासमोर धरला आणि म्हटलं, "बघ!"

हिने बघितलं. मग बाजूला होऊन मला स्वयंपाकघर दाखवलं. ओट्यावर न शिजलेले तांदूळ, ओट्याखाली रिकामा सिलिंडर.

झालं होतं असं. दुपारी बारा वाजता सिलिंडरवाला आला होता. हल्ली तो पैशांच्या आधी कोड मागतो, आणि कोड येतो नोंदवलेल्या नंबरावर. नंबर माझा. हिने मला सतरा फोन केले. सिलिंडरवाल्याने तीन केले. वॉचमननेही एक केला, का ते माहीत नाही. सगळ्यांना एकच उत्तर: आपण ज्यांच्याशी संपर्क साधू इच्छिता ते कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहेत. वीस मिनिटं थांबून तो माणूस भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊन तीन मजले परत उतरला. उतरताना जे बोलला ते ही मला सांगायला तयार नव्हती, पण थोड्या वेळाने सांगितलं.

भाच्याने फोनवरच उलगडा केला. माझं ते सिम ज्या कंपनीचं, तिने २०१६ साली दुकान मांडलं तेच थेट ४ जीचं. तिच्याकडे २ जी नावाची चीजच नाही. मी फोनला दिवसभर कोरड्या विहिरीत पोहरा सोडायला लावला होता. दुसरं सिम २ जीवर होतं खरं, पण तो नंबर मीच कोणाला दिलेला नाही.

"मग ८१ टक्के कशी उरली?"

"वापरलाच नाहीत ना, मामा!"

मी जेवणाचं काय, असं विचारलं. ही म्हणाली, "८१ टक्के आहे ना बॅटरी? तिच्यावरच कुकर लावा."

शनिवारी शेरे लिहायला बसलो, तेव्हा भाच्याने फोनमधली 'बॅटरी कुणी किती खाल्ली' ही यादी उघडून दाखवली. मला वाटलं, व्हिडिओ असतील, नकाशे असतील. बुधवारच्या यादीत सगळ्यात वरचं नाव होतं: सेटिंग्ज. भाच्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मे महिना आला आणि आम्ही गावी निघालो, कणकवलीच्या पुढे आत. भाच्याने ठाण्याला सोडताना बजावलं, "मामा, गाडीत सरळ एअरप्लेन मोडवर टाका. गाडी पळत असते, फोनला दर थोड्या वेळाने नव्या टॉवरकडे हजेरी लावावी लागते, आणि बोगद्यात टॉवरच नाही म्हणून तो वेड्यासारखा शोधत सुटतो."

मी हो म्हटलं. पण कोकण रेल्वेत बसून फोन बंद ठेवायचा, तर रोह्यानंतरच्या दऱ्यांचे फोटो साडूंना कोण पाठवणार? १९९८ साली या मार्गावर गाड्या सलग धावायला लागल्या, तेव्हा बोगदा आला की डब्यातली पोरं ओरडायची. आता डब्यातले फोन ओरडतात, फक्त ऐकू येत नाही एवढंच. मी मधला मार्ग काढला. बोगद्याआधी एअरप्लेन मोड, बोगदा संपला की बंद. या सबंध मार्गावर नव्वदच्या वर बोगदे आहेत. त्यातले आमच्या वाट्याचे किती, हे मोजणं मी चिपळूणनंतर सोडलं, कारण फोन २२ वर आला होता आणि अंगठा दुखायला लागला होता. आमच्या भागातला चार्जिंगचा एकमेव प्लग एका आजोबांनी धरून ठेवला होता. त्यावर त्यांचा फोन नव्हता, डास मारायची रॅकेट होती.

रत्नागिरीच्या अलीकडे करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. मी बटण दाबायला विसरलो. आत शिरताना ९ टक्के होते. बाहेर उजेड आला तेव्हा समोर टीसी उभे होते आणि माझ्या हातात एक काळी पाटी होती. तिकीट त्यात, आधारही त्यात. टीसींनी त्यांच्या यंत्रावर नाव शोधलं आणि म्हणाले, "ओळखपत्र?" हिने पर्सच्या आतल्या कप्प्यातून प्लॅस्टिक लावलेलं आधार कार्ड काढलं. तिचं. आणि त्याच्या मागून माझंही. माझं तिच्याकडे कधीपासून आहे, हे मी अजून विचारलेलं नाही.

गावच्या घरी रेंज नाही. उणे ११८ बघितलं आणि मी पुढचं बघितलंच नाही. रेंज कुठे मिळेल, असं काकांना विचारलं.

"फणसाकडे जा. थंय गडग्यार उभो रवलंस की गावता."

काकांचा स्वतःचा फोन बटणांचा. तो दुधाच्या पिशवीत घालून पडवीच्या खिडकीच्या गजाला टांगलेला, कारण घरात रेंजची तेवढी एकच रेघ येते ती त्या गजापाशी. वाजला की काका तिथे जातात, मान तिरपी करून पिशवीला कान लावून बोलतात आणि परत सुपाऱ्या सोलायला बसतात. मी विचारलं, "काका, बॅटरी किती टिकते?"

"माका काय म्हायत! आयतवारी लावतंय."

मी आतून दुधाची वही आणली होती, ती परत पिशवीत ठेवली. पहिल्या रात्री माझा फोन नुसता उशाशी पडून चाळीस टक्के उतरला होता. बिचारा रात्रभर डोंगरापलीकडच्या टॉवरला हाका मारत असणार. तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला भरपेट चार्ज केलं, एअरप्लेन मोडवर टाकलं आणि देवघराच्या फळीवर ठेवून दिलं. मग दोन दिवस मी आंबे खाल्ले. मध्ये एकदा-दोनदा, अगदीच राहवेना तेव्हा, फक्त आकडा बघून आलो. ९७. ९६.

तिसऱ्या दिवशी दुपारी, पेज खाऊन मी नुकता लवंडलो होतो, आणि गजावरची पिशवी वाजली. काकांनी कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझो भाचो. थंय शिलिंडरवालो दाराक इलोसा. कोड होयो म्हणता."

मी देवघरात धावलो. फळीवरचा फोन उचलला. ९४ टक्के. एअरप्लेन मोड काढला, दोन्ही सिमं चाचपडायला लागली, आणि तो तसाच हातात उंच धरून मी अनवाणी फणसाकडे निघालो. मागून ही ओरडत होती, "अहो, कुठल्या जीवर आहे ते आधी बघा!"