कपाट रिकामं करणं आणि मदत करणं

पूर, भूकंप, वादळाची बातमी आली की शहरातल्या घराघरांत पिशव्या भरायला सुरुवात होते. त्यामागची कळकळ खरी असते. पण त्या पिशव्यांत समोरच्याला काय हवंय यापेक्षा आपल्याला काय नकोय तेच जास्त असतं, आणि हे स्पष्ट बोलायला हवं.

सरमिसळ गोणीचं काय होतं बघा. वरती शर्ट, मध्ये लहान मुलाचा फ्रॉक, तळाशी नीट न वाळलेला टॉवेल. तोंड बांधलेल्या गोणीत तो टॉवेल बुरशी धरतो आणि अख्खी गोणी कुबट होते. बूट जोडीने बांधलेले नसले की डावा एका ढिगात, उजवा दुसऱ्यात. हे सगळं निवडत बसायला माणसं लागतात, आणि नेमकी तीच माणसं पाणी पोचवायला हवी असतात. १९९८ मध्ये मिच चक्रीवादळानंतर होंडुराससारख्या उष्ण देशात थंडीचे कपडे येऊन पडले, तेही धावपट्टीवर. मदत घेऊन आलेल्या विमानाला उतरायला जागा उरली नाही.

औषधांचं तर विचारूच नका. अर्धी कापलेली स्ट्रिप, तारीख नेमकी कापलेल्या भागावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दान केलेलं औषध पोचल्यावर त्याची किमान १ वर्षाची मुदत शिल्लक असायला हवी. घरातली उरलीसुरली औषधं देऊच नयेत.

मग लोक पैसे का पाठवत नाहीत? अर्थतज्ज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी १९९० मध्ये मांडलं होतं की देण्याच्या कृतीतूनच देणाऱ्याला एक ऊब मिळते. मला वाटतं, पिशवी हातात देताना ती जाणवते, बँकेतून रक्कम वळती होताना तेवढी नाही. ऊब मिळावी, त्यात गैर काही नाही. फक्त तिच्यासाठी दुसऱ्याचं काम वाढू नये.

वस्तूच द्यायची असेल तर आधी फोन करून यादी विचारा. एका खोक्यात एकाच प्रकारचे, एकाच मापाचे कपडे. धुतलेले, कडक वाळलेले. खोक्याच्या दोन बाजूंना ठळक अक्षरात माप आणि नगसंख्या लिहा. बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधा.

आणि पैसे द्याल तर ‘फक्त अमुकच घ्या’ अशी अट घालू नका. गोदामाचं भाडं, ट्रकचं डिझेल, हिशेबनिसाचा पगार कुणालाच द्यावासा वाटत नाही. त्याशिवाय खोकं जागचं हलत नाही. रक्कम छोटी असली तरी चालेल, पण पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जाईल अशी सोय करा. बातम्या थांबतात तेव्हा घरं उभी करायचं काम नुकतं कुठे सुरू झालेलं असतं.