नाणं चोखून मशीन फसत नाही, आणि थुंकीच्या पट्टीवर विषय संपत नाही

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की ब्रेथ ॲनालायझर, म्हणजे दारू प्यायलीय का हे फुंकायला लावून तपासणारं मशीन, हा नुसता तोंडाचा वास मोजणारा डबा, पुदिना चघळला किंवा तांब्याचं नाणं जिभेखाली धरलं की गप्प बसतो. वर माउथवॉशने आणि डायबेटिसवाल्यांच्या श्वासानेही वाजतो म्हणून त्याचा आकडा कुठेच टिकत नाही. खरी टेस्ट थुंकीची, पट्टीवर रंग आला की विषय संपला. आणि दारू उतरवायचीच असेल तर कडक कॉफी आणि गार पाण्याची अंघोळ, तासाभरात शून्य. यातलं काही साफ खोटं आहे, काही अर्धं खरं आहे, आणि जास्त घोळ त्या अर्ध्या खऱ्यानेच होतोय.

वासाचं आधी. मशीनला नाक नसतं. पोटातली दारू रक्तात जाते, रक्त फुप्फुसात येतं, तिथे त्यातला थोडा अल्कोहोल हवेत उतरतो आणि श्वासातून बाहेर पडतो. साधारण २१०० मिली श्वासात जेवढा अल्कोहोल तेवढा १ मिली रक्तात, असं प्रमाण धरून हिशोब चालतो. चांगल्या हँडहेल्ड मशीनमध्ये फ्युएल सेल असतो, म्हणजे प्लॅटिनमचे इलेक्ट्रोड, त्यांच्यावर अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होऊन जो करंट निघतो तो मोजायचा. मोठ्या मशिनी इन्फ्रारेडवर चालतात. १९५४ साली रॉबर्ट बोर्कनस्टाइन या पोलिसातल्या माणसाने अमेरिकेत जो ब्रेथलायझर बनवला त्यातसुद्धा पोटॅशियम डायक्रोमेट या रसायनाचा पिवळा रंग किती उतरला हेच बघायचे, वासाचा संबंध तेव्हाही नव्हता. पुदिन्याने समोरच्या माणसाला वास कमी येईल फार तर, श्वासातला अल्कोहोल आहे तेवढाच राहतो.

नाण्याबद्दल काय बोलायचं. तांबं तोंडात धरून अल्कोहोलचं काही बिघडत नाही, हवा येते फुप्फुसातून, ती नाण्याच्या वरून निघून जाते. आणि टेस्ट घेणारा जरा सावध असेल तर आधी तोंड रिकामं करायला सांगतो, मग नाणं काढताना जो चेहरा होतो तोच पुरावा.

पण या कुळातली एक ट्रिक अर्धी खरी आहे, मेसेजवाल्याला ती माहीत नाही हे नशीब. फुंकण्याआधी भराभर श्वास घेतला तर आकडा थोडा खाली येतो, श्वास रोखून धरला तर वर जातो. म्हणून तर मशीन एक लांब, न तुटणारी फुंकर मागतं आणि शेवटी येणारी खोल हवा पकडतं, हळूच फू केलं तर सँपलच घेत नाही. अमेरिकेत ट्रक, बस, रेल्वे, विमान अशा सुरक्षेच्या कामावरच्या लोकांना परिवहन खात्याचे नियम लागतात, त्यात मेडिकल कारण नसताना पुरेशी हवा दिली नाही तर ते सरळ टेस्टला नकार धरलं जातं, आणि नकाराचे परिणाम पॉझिटिव्ह येण्याइतकेच वाईट.

आता माउथवॉश. हे खरं आहे! अल्कोहोलवालं माउथवॉश किंवा काही कफ सिरप घेऊन लगेच फुंकलं तर एक घोट न पिता मशीन वाजू शकतं, कारण तोंडातलाच अल्कोहोल मोजला जातो. फक्त तो दहापंधरा मिनिटांत उडून जातो आणि हे काही आज लागलेला शोध नाही, नियम त्याच्यावरच बेतलेत. त्याच अमेरिकन नियमांत पहिली टेस्ट ०.०२ च्या खाली आली की तिथेच संपलं. ०.०२ किंवा वर आली तर किमान १५ मिनिटं थांबायचं, तेवढ्यात खायचं नाही, प्यायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही, ढेकरही शक्यतो द्यायचा नाही, मग मशीनमध्ये नुसती हवा घेऊन ०.०० येतंय का बघायचं आणि मग दुसरी टेस्ट, शक्यतो ३० मिनिटांच्या आत. धरायचा आकडा दुसरा, पहिला कितीही असो. (०.०२ म्हणजे २१० लिटर श्वासात ०.०२ ग्रॅम अल्कोहोल, १०० मिली रक्ताला २१०० ने गुणा, २१० लिटर कुठून आले ते कळेल.) तेव्हा खरंच माउथवॉश वापरलं असेल तर वाद घालत बसू नका, पंधरा मिनिटं थांबून परत घ्या म्हणा.

डायबेटिसचं म्हणाल तर, शुगर फार बिघडली की श्वासात ॲसिटोन येतो. खेळण्यासारखी स्वस्त सेमीकंडक्टर गॅजेट्स त्याला फसतात, फ्युएल सेलवर ॲसिटोनचा परिणाम होत नाही, आणि त्या अमेरिकन नियमांप्रमाणे कन्फर्मेशनच्या, म्हणजे त्या दुसऱ्या टेस्टच्या, मशीनला ०.०२ च्या पातळीवर ॲसिटोन वेगळा ओळखता आलाच पाहिजे. हां, शरीर कीटोसिसमध्ये, म्हणजे साखरेऐवजी चरबी जाळत, असताना ॲसिटोनपासून थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल बनू शकतं आणि काही मशिनी त्याला दाद देतात, त्यामुळे असा माणूस रक्ताची टेस्ट मागत असेल तर त्याला हसण्यावारी नेऊ नये.

आकडा कुठेच टिकत नाही हे मात्र मनानेच ठोकलेलं. इंग्लंडमध्ये कायद्यातली मर्यादाच श्वासात सांगितलीय, १०० मिली श्वासात ३५ मायक्रोग्रॅम. रस्त्यावरची फुंकर फक्त प्राथमिक, ठाण्यात वेगळ्या मशीनवर दोन सँपल घेतात आणि दोन्हीतलं कमी धरतात. भारताच्या मोटार वाहन कायद्यात कलम १८५ मध्ये १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि ब्रेथ ॲनालायझरचं नाव त्याच कलमात आहे. ते २१०० चं प्रमाण माणसागणिक बदलतं हा आक्षेप बरोबर आहे, पण बऱ्याच लोकांचं प्रमाण त्याहून जास्त असतं, म्हणजे मशीन रक्तापेक्षा थोडं कमीच दाखवतं, फायदा पिणाऱ्याचाच. खरा प्रश्न विचारायचा तर कॅलिब्रेशनचा विचारा, म्हणजे मशीनचा आकडा बरोबर येतोय का हे कधी तपासलं ते. अमेरिकन नियमांत मशीन कॅलिब्रेशनच्या तपासणीत नापास झालं की आधीच्या पास तपासणीपासून आलेले ०.०२ आणि त्यावरचे सगळे निकाल रद्द. सगळे!

थुंकीच्या पट्टीकडे येतो, कारण तिच्याबद्दल सगळ्यात जास्त भ्रम आहे. पट्टी वाईट नाही. थुंकीत अल्कोहोल रक्ताइतकाच असतो जवळपास, पट्टीवर एन्झाइम असतं, ते अल्कोहोलशी रिॲक्ट होतं आणि रंग येतो. बॅटरी नको, कॅलिब्रेशन नको, ज्याला दम्यामुळे फुंकताच येत नाही त्याच्यावरही चालते. पण रंग डोळ्याने कार्डाशी जुळवायचा, कमी उजेडात दोन जणांना दोन उत्तरं दिसतात, ठरलेल्या वेळेनंतर बघितलं तर रंग सरकलेला असतो, पाकीट उन्हात पडून राहिलं किंवा एक्सपायर झालं तर एन्झाइम मेलेलं. ब्लीचसारख्या ऑक्सिडायझरने नसलेला रंग येतो, व्हिटॅमिन सी ने असलेला दबतो. आणि माउथवॉशचा घोळ इथेही आहेच, थुंकी तोंडातलीच ना! म्हणून त्या अमेरिकन नियमांत असं आहे की आधी एक्सपायरी बघायची, निकाल कंपनीने दिलेल्या वेळेत आणि फार तर १५ मिनिटांत वाचायचा, आणि ०.०२ किंवा वर दिसलं तर कन्फर्मेशन श्वासाच्या मशीनवर. म्हणजे मेसेजमधली ‘खरी टेस्ट’ फक्त चाळणी आहे आणि निकाल देणार तोच ‘डबा’.

राहिली कॉफी. लिव्हर तासाला साधारण ०.०१५ एवढाच अल्कोहोल काढतं, कोणाचं थोडं कमी कोणाचं जास्त, कॉफीने झोप उडते, वेग बदलत नाही, अंघोळीने फक्त अंग ओलं होतं. रात्री एकला ०.१२ वर झोपलेला माणूस सकाळी सातला उठतो तेव्हा अंदाजे ०.०३ उरलेलं असतं, आणि त्याला एकदम ठणठणीत वाटत असतं. अमेरिकेत तो ट्रक ड्रायव्हर असेल तर ०.०२ ते ०.०३९ मध्ये सापडल्यावर २४ तास स्टिअरिंगला हात लावता येत नाही. याच्या उलटं पण होतं, शेवटचा पेग संपल्या संपल्या स्वतःच्या गॅजेटमध्ये फुंकून मर्यादेच्या आत आहे म्हणून गाडी काढायची, जेव्हा पोटातला माल अजून रक्तात पोचायचाय आणि आकडा पुढचा अर्धापाऊण तास, कधी त्याहून जास्त वेळ, वरच चढणार आहे.