‘ताई, डिझाइनचा नीट फोटो पाठवा ना’

काल रात्री पावणेअकराला मेसेज आला. आज सकाळी नऊला मी नवरीच्या घरी असणार होते. पिशवी दाराशी भरून ठेवलेली, आणि मेसेज काय? ‘ताई सॉरी हं, मेंदीचं आम्ही घरातच जमवतोय. माझ्या मावसबहिणीचा हात छान आहे. तुम्ही काढलेल्या डिझाइनचा एक नीट फोटो पाठवा ना, ती बघून काढेल.’

नीट फोटो!

रद्द करणारे मला नवीन नाहीत. कुणी आदल्या दिवशी फोन उचलत नाही, कुणी दारात पोचल्यावर सांगतं की दुसरी आली. पण काम काढून घ्यायचं आणि वर माझं डिझाइन माझ्याकडूनच मागायचं, तेही ‘नीट’, म्हणजे कागद हलायला नको, सावली पडायला नको, मावसबहिणीला त्रास व्हायला नको! मी तो मेसेज चार वेळा वाचला. एकदाही तिच्या मनात आलं नसेल का, की हे आपण काय मागतोय?

ते डिझाइन काय होतं ते सांगते. या नवरीची आजी स्वेटर विणायची, आजी आता नाही. म्हणून मनगटाभोवती आजीच्या स्वेटरची वीण हवी होती. दोघं ट्रेनमध्ये भेटलेले, म्हणून एका तळहातात डब्याची खिडकी, दुसऱ्यात त्याच खिडकीची बाहेरची बाजू. दोन्ही हात जोडले की खिडकी पूर्ण व्हायला हवी. सुलट-उलट टाके मेंदीच्या कोनाने दाखवायचे म्हणजे एकाच रेषेत हात दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. जरा चुकलं की वीण दिसत नाही, साधी जाळी दिसते. तीन रात्री मी कागदावर तेवढंच गिरवत बसले होते. पाच वेळा बदल केले. ‘खिडकी मोठी हवी.’ केली. ‘नको, आधीचीच बरी होती.’ पुन्हा आधीची केली. तेव्हा तिला रडू आलं होतं, आजीची आठवण आली म्हणाली. मलाही आलं होतं. म्हणूनच हे इतकं लागलंय.

अ‍ॅडव्हान्स घेतला नव्हता. जुन्या क्लायंटची बहीण, कसा मागायचा? चार महिने तारीख धरून ठेवली आणि त्या तारखेला आलेली तीन कामं परत पाठवली. आता त्या तिघींना कुठल्या तोंडाने फोन करू?

आणि ते कोन! राजस्थानातल्या सोजतची मेंदीची पावडर मागवली, कापडातून दोनदा गाळली, लिंबाचा रस, साखर आणि निलगिरी तेल घालून भिजवली. रंग सुटायला रात्रभर ठेवली, मग पुन्हा गाळून चौदा कोन भरले. एकही खडा राहता कामा नये, टाचणीएवढ्या तोंडात अडकला की रेष तुटते. यात टिकवण्यासाठी काहीही घातलेलं नसतं. बाहेर ठेवले तर दोन-चार दिवसांत रंग मरतो, म्हणून फ्रीझरमध्ये जागा करून ठेवायचे. ‘पावडर आणि पाणी तर असतं, त्याचे एवढे पैसे?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा माझ्या ओट्याशी येऊन उभं राहावं.

राग गिळून मी एवढंच विचारलं, की मावसबहीण कोन कुठला वापरणार? उत्तर आलं, ‘तो दहा मिनिटांत काळा होणारा.’

इथे माझं डोकं फिरलं. अगं, खरी मेंदी दहा मिनिटांत काळी होतच नाही! पानातला लॉसोन नावाचा रंग कातडीत उतरतो, आधी केशरी दिसतो आणि हवा लागून दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. म्हणून तर लग्नाच्या दोन दिवस आधी मेंदी ठेव असं मी तिला सांगितलं होतं. झटपट काळं करणाऱ्या कोनांत अनेकदा पीपीडी असतं, केस काळे करण्याच्या रंगातलं रसायन. युरोपात ते केसांच्या रंगात लावताना 2 टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं, कातडीवर काढायला तर परवानगीच नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2006 साली त्याला त्या वर्षाचा अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं होतं. नक्षीच्या रेषेरेषेवर फोड उठतात, डाग राहतात, आणि अ‍ॅलर्जी एकदा जडली की पुढे केसांचा साधा रंगसुद्धा चालत नाही. आजीची वीण त्या कोनाने काढणार? तिच्या हातावर?

आणि याच कोनांशी आमची तुलना! ‘त्यांचा लगेच रंगतो, तुमचा का नाही?’ गेल्या महिन्यात एकीने दुसऱ्या दिवशी सकाळी केशरी तळहाताचा फोटो पाठवून अर्धे पैसे परत मागितले. लेप किती वेळ ठेवलात? दीड तास. मग? साबणाने धुतला. सहा ते आठ तास ठेवा, खरवडून काढा, चोवीस तास पाणी लावू नका, हे मी तोंडाने सांगते, लिहून पाठवते, निघताना दारात पुन्हा सांगते. हाताच्या मागच्या बाजूला तळव्याइतका रंग येत नाही, कारण तिथली कातडी पातळ असते, हेही सांगते. दोष तरी माझ्याच मेंदीचा.

‘नवरी आणि दोन-तीन बायका’ म्हणून बोलावतात. नवरीच्या हातापायांना सात तास जातात. मान वर होत नाही, अंगठा सुन्न झालेला असतो, तेव्हा खोलीत सतरा जणी हात पुढे करून बसलेल्या दिसतात. ‘साधीच बेल काढ गं, पाच मिनिटांचं काम.’ सतरा पंचे पंच्याऐंशी मिनिटं, ती कुणाची? वर त्यातली एखादी सहा महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन येते, तळव्यावर एक ठिपका दे म्हणते. मी देत नाही. जी6पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मेंदीने फुटू शकतात आणि ती कमतरता आहे की नाही हे वरून दिसत नाही. मी नाही म्हटलं की लगेच ‘फार भाव खाते ही’.

सुरुवातीला सगळ्यांनी एकच सल्ला दिला होता, फुकट काढ, नाव होईल. दीड वर्ष फुकट काढली. नाव झालं, पण फुकट काढणारी म्हणून! फुकटवालीने पाठवलेली मैत्रीण फुकटच मागते, तिची नणंद अर्ध्यात मागते. नवीन ओळखी शून्यापासून जोडाव्या लागल्या, तेव्हा कुठे पूर्ण पैसे देणारी माणसं भेटली. एका पार्लरने माझ्या कामाच्या फोटोंवर स्वतःचं नाव छापलं. विचारलं तर म्हणे, तुझीच जाहिरात होतेय ना?

‘छान छंद आहे हो तुमचा.’ या शब्दाने माझं अंग पेटतं. छंदाला कुणी पहाटे पाचला उठून कोन वितळायला काढत नाही. 2024 मध्ये युनेस्कोने सोळा अरब देशांची मेंदीची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तिकडे वारसा, आणि इकडे आमच्या हाताला काडीची किंमत नाही.

आजपासून अर्धे पैसे आधी. सख्खी बहीण असली तरी आधी. आणि पैसे हातात आल्याशिवाय कागदावरचं डिझाइन दाखवणार नाही, फोनवर तर पाठवणारच नाही.

साडेनऊ वाजलेत. एव्हाना माझी उजव्या हाताची खिडकी निम्मी झाली असती. मघाशी पुन्हा मेसेज आला, ‘ताई, फोटो?’ मी तिला लिहिलं की तो काळा कोन लावू नकोस, नैसर्गिक चौदा कोन माझ्या फ्रीझरमध्ये आहेत, कुणाला तरी पाठवून ने, पैसे देऊ नकोस. तिच्या हातावर फोड आलेले मला बघवणार नाहीत.

फोटो पाठवलेला नाही. पाठवणार नाही.