‘रेझिन ओतलं की झालं’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

जुन्या मनगटी घड्याळांचे भाग घालून पेन कसं करतात (पितळी नळीवर भाग चिकटवायचे, साच्यात ठेवून वरून रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारी राळ, ओतायची आणि तयार झालेली कांडी लेथवर कातून पेनाच्या आकारात आणायची), त्यावरच्या माझ्या लेखाला फोंड्याच्या एका वाचकाने लांबलचक प्रतिक्रिया दिली आहे. थोडक्यात म्हणणं असं: पेनाचं किट बाहेरून आणता, घड्याळं मोडून वारशाची नासाडी करता, किंमत अवाच्या सवा लावता. आणि मुख्य वाक्य: “भंगार नळीला चिकटवून वर रेझिन ओतलं की झालं, यात कारागिरी कसली? असले उद्योग शाळकरी पोरंही करतात.”

बाब, मत वेगळं असू द्या. पण ‘भंगार’, ‘असले उद्योग’ ही भाषा कशाला? समोर बसून बोलला असतात तर हेच शब्द तोंडातून निघाले असते का? आमच्या घरी घड्याळदुरुस्तीचं टेबल आजोबांपासून आहे. भंगार कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवायला नको.

किटचं म्हणणं मान्य. क्लिप, टोक, रिफिल फिरवायची यंत्रणा माझी नव्हे. ती माझी आहे असं मी म्हटलंही नव्हतं.

आता ते “ओतलं की झालं”.

मी वापरतो त्या किटच्या पितळी नळीचा बाहेरचा व्यास साधारण साडेदहा मिलिमीटर, आणि तयार पेनाची जाडी बारा. म्हणजे नळीच्या पाठीवर जागा उरते पाऊण मिलिमीटर. गोंद, चाक आणि त्यावरचं रेझिन, सगळं त्यात बसवायचं. घड्याळातलं चाक पातळ असतं खरं, पण त्याच्या मधोमध पिनियन, म्हणजे आसावरचं छोटं दातेरी चाक, असतो, तो या जागेत मावत नाही. तो आधी ठोकून काढावा लागतो. तरी चाक सपाट आणि नळी गोल हे भांडण उरतंच. आठ मिलिमीटरचं चाक सपाट चिकटवलं तर त्याची कड नळीपासून सव्वा मिलिमीटरहून वर जाते, म्हणजे थेट पेनाच्या बाहेर. चारेक मिलिमीटरची चाकं तशीच चालतात. त्याहून मोठं पितळी चाक वाकवायचं, तेही नळीपेक्षा बारीक सळईवर, कारण सोडल्यावर ते थोडं उलगडतं. पोलादी रॅचेट व्हील (चावी दिलेली स्प्रिंग उलटी फिरू न देणारं चाक) कडक केलेलं असतं. वाकवायला गेलात की तुटतं. हे कोणत्या शाळेत शिकवतात ते कळवा, मुलांना तिथेच घालू.

डायलचं आणखी निराळं. मागचे पाय, म्हणजे ती मशीनवर बसवायच्या पिना, मुळापासून कापून घासायचे, मग सावकाश गुंडाळायची. घाई केली की रंगाला तडे जातात. मऊ करायला तापवावी म्हटलं तर रंगच जळतो.

चिकटवण्याआधी प्रत्येक भाग लायटरच्या पेट्रोलमध्ये धुवायचा. जुनं तेल राहिलं तर रेझिन तिथे धरत नाही, आणि पेन तिरकं धरलं की चाकाभोवती चांदीसारखी चकाकी दिसते. ती हवा असते. एकदा आत अडकली की उपाय नाही. सायनो गोंदही (क्षणात चिकटणारा) थेंबभरच. आपल्या दमट हवेत जास्त झाला तर पांढरी वाफ धरतो आणि काळ्या रंगवलेल्या नळीवर बुरशीसारखा दिसतो.

आणि ओतणं? पॉलियुरेथेन रेझिनला ओल खपत नाही. ओलीशी प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि फेस येतो. म्हणून नळी आणि साचा पन्नास-साठ अंशांवर तासभर तापवून लगेच ओतायचं. जून ते सप्टेंबर मी त्याच्या वाटेलाच जात नाही. तेव्हा इपॉक्सी, म्हणजे सावकाश घट्ट होणारं दुसऱ्या जातीचं रेझिन, निर्मात्याने दिलेल्या प्रमाणात डिजिटल काट्यावर तोललेलं. नळीची दोन्ही तोंडं बुजवायची आणि साचा प्रेशर पॉटमध्ये, म्हणजे कंप्रेसरने हवा दाबून भरायच्या बंद भांड्यात, चाळीस ते साठ पीएसआय दाबावर ठेवायचा. दाबाने बुडबुडे नाहीसे होत नाहीत, दिसेनासे होण्याइतके बारीक होतात, म्हणून रेझिन घट्ट होईपर्यंत दाब उतरता कामा नये. पॉट आणि कंप्रेसरच्या मध्ये व्हॉल्व्ह बसवून तो बंद केला की मग वीज गेली तरी फिकीर नाही. सिलिकॉनचा साचाही दाबाखालीच केलेला हवा. नाहीतर त्याच्या पोटातले बुडबुडे दबतात आणि कांडीवर पुटकुळ्या उठतात.

यानंतर लेथ. कार्बाइडचं, म्हणजे अतिकठीण धारेचं, हत्यार, शेवटी अगदी हलका हात. एखादा पोलादी दाता वर राहिला असेल तर धार जाते आणि चाक रेझिनसकट उपटून येतं. कांडी फुकट.

वारशाबद्दल एवढंच, की चालू होऊ शकेल असं मशीन मी फोडत नाही. खाऱ्या हवेने गंजलेली, भाग न मिळणारी मशीनं घेतो. एचएमटीची ‘जनता’ कोणी आणून दिली तर दुरुस्त करून परत देतो. किंमत पटत नसेल तर घेऊ नका, इतकं सोपं आहे.

टीकाच करायची होती तर रेडियम या किरणोत्सर्गी धातूवरून करायची होती, आणि ती तुम्हाला सुचली नाही. पोर्तुगीज काळात आलेली स्विस घड्याळं आपल्याकडे जुन्या घरांतून अजून निघतात. त्यांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर पिवळट-तपकिरी लेप असेल तर तो बहुधा रेडियमचा. अंधारात चमकत नाही म्हणून निर्धोक समजू नका. चमकणारी पूड मरते, रेडियम राहतं, त्याचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. तो लेप घासला किंवा खरवडला की धूळ थेट फुप्फुसात. असं घड्याळ मी उघडतही नाही. डायलच्या तळाशी ‘टी स्विस टी’ असेल तर लेप ट्रिटियमचा, तेही किरणोत्सर्गीच, अर्धायुष्य बारा वर्षांच्या थोडं वर. तरी त्याचे काटेसुद्धा मी पेनात घालत नाही, लेथवर धूळ उडतेच.