2014 च्या कायद्याने तक्रारदाराचं नाव गुप्त राहतं, हे खरं नाही

सोलापुरातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "2014 चा कायदा आहे, लाचखोरीची तक्रार कुठेही द्या, नाव गुप्तच राहणार." कृपया यावर विसंबू नका. हा व्हिसल ब्लोअर (म्हणजे गैरव्यवहार उघड करणारे) संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागूच केलेला नाही.

नाव गुप्त ठेवण्याची सोय आहे ती केंद्राच्या 2004 च्या ठरावात, आणि तीही रेल्वे, टपाल, राष्ट्रीयीकृत बँका अशा केंद्राच्या खात्यांपुरती. महामार्गातला गैरव्यवहार कळवताना 'नाव उघड करू नका' अशी विनंती करणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांचा 2003 मध्ये बिहारमधल्या गयेत खून झाला, त्यानंतर हा ठराव आला. तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाला बंद पाकिटातून पाठवायची. पाकिटावर 'पीआयडीपीआय' (PIDPI, या ठरावाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) लिहायचं, आपलं नाव-पत्ता नाही. तो आत पत्रात हवाच, निनावी पत्र चालत नाही. परवा झेरॉक्सच्या दुकानात एकजण अशाच पत्राच्या पाच प्रती काढत होते, त्यातली एक चक्क त्यांच्याच साहेबांसाठी! मी हात धरून थांबवलं. प्रती वाटल्या की गुप्तता संपली.

तहसील, महापालिका, झेडपीसाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 नंबर आहे. पण लाच घेताना रंगेहाथ पकडायला विभाग जो सापळा लावतो, त्यात पैसे सहसा तक्रारदारच देतो, पुढे कोर्टात साक्षही देतो. म्हणजे लाच घेणाऱ्याला नाव कळणारच. तरीही पुढे येणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे, म्हणूनच त्यांना खोटा भरवसा देऊ नका. धमकी आली तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो.